साळुंखे बोळातल्या तिसऱ्या रेघेबाबत

दिनांक: २७ जानेवारी २०२५
नाव: सौ. रत्नाबाई जयपाल मगदूम. वय: ५६ वर्षे. धंदा: मिरची कांडप, स्वतःचा डंक. राहणार: साळुंखे बोळ, ओढ्याकडचे शेवटचे घर, शिवाजी पेठ, कोल्हापूर.

मी समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती जयपाल यांच्यासह राहते. पती एस.टी.त चालक होते, आता निवृत्त आहेत. मुलगा अभिनंदन पुण्यास नोकरीला आहे. घराच्या पुढच्या खोलीत मिरची कुटण्याचा डंक आहे व मागच्या खोलीत वर फळ्यांचा माळा आहे. आमचा बोळ उताराला आहे. पंचगंगेला पूर आला की पाणी ओढ्यातून उलटे येते, ते सगळ्यात आधी आमच्या दारात येते. कु. प्रीती प्रसेनजीत कांबळे हिने भीती पसरवली व त्यामुळे माझे पती घर सोडून गेले, असा अर्ज बोळातील लोकांनी दिला आहे. त्याबाबत विचारण्यासाठी मला बोलावले आहे. त्या अर्जावर माझी सही नाही व ती कुणी मागितलीही नाही.

आमच्या बोळात प्रत्येक घराच्या भिंतीवर पुराच्या दोन रेघा आहेत. एक २०१९ सालची, दुसरी २०२१ची. पाणी उतरल्यावर भिंतीवर गाळाचा जो डाग राहिला, त्याच्यावरच तालमीच्या पोरांनी पांढरा ऑइलपेंट मारला. पावणेरावळे आले की आम्ही त्यांना रेघा दाखवतो. लोक त्याखाली उभे राहून फोटो काढून घेतात. फोटोत सगळे हसतात.

२०१९ साली पती म्हणाले होते की, पाणी उंबरा ओलांडणार नाही, त्यांच्या वडिलांच्या काळात कधी ओलांडले नव्हते. त्यानंतर आम्ही दोघे माळ्यावर होतो. बोट आली तेव्हा पाणी खालून फळ्यांना लागत होते व फळ्या वाजत होत्या. त्या विषयावर मी पतींना आजपर्यंत एक शब्द बोललेले नाही. तेही बोलत नाहीत. पावसाळ्यात ते पायात चप्पल ठेवून झोपतात, एवढेच.

गेल्या आठवड्यात टीव्हीवर बातमी आली की, हवामानाच्या जागतिक करारातून अमेरिकेचे सरकार बाहेर पडणार. बोळाच्या तोंडाशी विश्वजितची चहाची गाडी आहे. तिथे सगळे कसे एकदम हुशार झाले होते. विश्वजित म्हणाला, "अमेरिका कुठं, साळुंखे बोळ कुठं. त्यांनी करार सोडला म्हणून आमचा चहा कडू हुणार हाय व्हय?" त्यावर लोक हसले. माझे पती हसले नाहीत. मी त्यांच्याकडेच बघत होते, म्हणून सांगते.

प्रीती ही बोळाच्या वरच्या टोकाला राहते. विद्यापीठात पर्यावरण विषय शिकते. ती तिच्या आईची मिरची घेऊन त्याच दिवशी डंकावर आली होती. पतींनी तिला विचारले की हा करार म्हणजे नक्की काय. ती म्हणाली, "काका, समद्या देशांनी मिळून धूर कमी करायचं कबूल केलतं. त्यात सगळ्यात जास्त धूर केलेला गडीच उठून चाललाय." पती म्हणाले, "मग पाऊस?" ती म्हणाली, "पाऊस हाईच की. पण आता थोडा थोडा न्हाय, एकदम." पतींनी हातातला चहा अर्धा ठेवला. मी तिला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितले, पण त्या वयात डोळ्यांचे कोण ऐकते.

शनिवारी, दिनांक २५ रोजी आम्ही दोघे गारगोटीस नणंदेच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेलो होतो. बोळातील पुरुष मंडळी दुसऱ्या टीमांची मॅच बघायला स्टेडियमवर व बायका हळदीकुंकवाला गेल्या होत्या. आम्ही दिवेलागणीच्या आधी परत आलो, तेव्हा प्रत्येक घरावर तिसरी रेघ होती. तांबड्या रंगाची, आधीच्या दोन्हींच्या पुष्कळ वर. तिच्यावर साल नव्हते, काहीच लिहिलेले नव्हते. पती रस्त्यात पिशवी हातात धरून उभे राहिले. मग आत गेले, माळ्याची शिडी चढले आणि वरून हाक मारून मला म्हणाले, "रत्ना, ही रेघ माळ्याच्या बी वर हातभर जाती." मी म्हणाले की पोरांनी कसलीतरी मस्करी केली असेल, जेवून घ्या. आम्ही जैन आहोत, सूर्य मावळल्यावर जेवत नाही. त्या दिवशी त्यांनी भाकरी मोडली, पण खाल्ली नाही.

रविवारी सकाळी शेजारी कृष्णात यांनी सांगितले की, ती पाटबंधारे खात्याची लाल रेषा आहे. खात्याच्या नकाशात पुराची निळी रेषा व लाल रेषा असते आणि तिच्या आत घर आले की बांधकामाची परवानगी अडते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यामुळे तांबडी रेघ म्हटल्यावर कुणालाच शंका आली नाही. कृष्णात म्हणाले, "वैनी, साधा हिशोब हाय. अमेरिका करारातनं गेली, म्हणून सरकारनं लाईन वर सरकवली. आता आपल्याला उठा म्हणतील." मी विचारले की खात्याचे लोक कुणी पाहिले. ते म्हणाले की बोळात कुणी नसल्याचे बघूनच ते आले असणार.

मी याला तोंडावर खुळेपणा म्हणाले. तरी सांगते की, मलाही ते खरे वाटले. बोळात रडारड झाली. दोन घरांच्या भाडेकरूंनी सामान बांधायला काढले. चार-पाच दिवसांपूर्वी चहा कडू होईल का म्हणून विचारणारा विश्वजित गाडी बंद करून ओढ्याकडे जाऊन पाणी बघून आला. ओढ्यात जानेवारीत असते तेवढेच पाणी होते, म्हणजे घोट्याएवढे. ते ऐकूनही कुणाला बरे वाटले नाही. माझे पती लोकांत गेले नाहीत. घर पाडतील का, हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी मला एवढेच विचारले की, सरकारने रेघ मारली म्हणजे त्यांना तारीख ठाऊक असेल का.

मी डंकाचा पट्टा बदलून घेण्यासाठी मिस्त्रीकडे गेले. मी परत आले तेव्हा पती घरात नव्हते. वळकटी नव्हती, रॉकेलचा स्टोव्ह नव्हता. त्यांची सायकल पण नव्हती. मोबाईल चार्जिंगला लावलेला तसाच होता.

मी प्रथम बसस्टँडवर पाहिले. नंतर बसदीत, म्हणजे आमच्या मंदिरात पाहिले. त्यानंतर मी पंचगंगा घाटावर गेले. पती सामान घेऊन गेले असताना मी घाटावर का गेले, असे मला विचारण्यात आले. त्यावर सांगते की, मी घाटावर गेले. तिथे कपडे धुणाऱ्या बायकांना मी पतींचे वर्णन सांगितले. पाणी संथ होते. मी पुलापर्यंत काठाने चालत गेले व तशीच परत आले. याहून जास्त त्याबद्दल सांगायचे नाही.

मी दुपारी चार वाजता या पोलीस ठाण्यात येऊन पती हरवल्याची खबर दिली, त्याची नोंद आपल्याकडे आहे. घरी गेल्यावर वरच्या शाळेचे शिपाई बाळासो यांचा निरोप आला. पूर आला की पेठेतील लोकांना ठेवतात, तीच ही शाळा. सकाळी झेंडावंदनासाठी फाटक उघडे होते. कार्यक्रम झाल्यावर बाळासो कुलूप लावून गेले. सूर्य मावळायच्या आत झेंडा उतरवायचा असतो म्हणून ते परत आले, तेव्हा त्यांना दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर माझे पांघरूण वाळत घातलेले दिसले. बाळासो मला म्हणाले, "वैनी, मला वाटलं चोर हाय. बघतोय तर आपलं जयपालअण्णा. मला म्हणालं, पाणी किती आलं रं?"

पती सातवीच्या वर्गात होते. २०१९ साली आम्हाला त्याच वर्गात ठेवले होते. बाक त्यांनी एका बाजूला लावले होते. आमची दोघांची आधारकार्डे, घराची कागदपत्रे व माझ्या बी.पी.च्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगल्या होत्या. फरशीवर त्यांनी खडूने चौकोन आखले होते व प्रत्येक चौकोनात बोळातील एकेका घराचे नाव लिहिले होते. कृष्णातचे होते. विश्वजितचे होते. ज्यांच्याशी गटारीच्या भांडणावरून आमचे बोलणे बंद आहे, त्यांचेही होते. प्रीतीच्या घराला सर्वांत मोठा चौकोन होता, कारण तिची म्हातारी आजी पारूबाई अंथरुणाला खिळून आहे.

मी त्यांना म्हणाले की, चला घरी, जानेवारी आहे, पाणी नाही. ते म्हणाले, "मागल्या टायमाला आपण उशिरा आलतो. दाराजवळ जागा मिळाली. तू रातभर गारठलीस, मला दिसत हुतं. आता खिडकीकडची धरून ठेवलीया." त्यांनी सकाळपासून काही खाल्ले नव्हते. मी डब्यात भाकरी नेली होती, परंतु तोपर्यंत सूर्य मावळला होता. म्हणून ते तसेच राहिले, मीही राहिले.

आम्ही खाली उतरत असताना जिन्यात प्रीती व सूरज पाटील भेटले. सूरज हा तिच्यासोबत शिकतो व बोळाच्या फुटबॉल टीममध्ये खेळतो. तोपर्यंत सगळ्या बोळाला कळले होते की रेघ त्या दोघांनी मारली. शनिवारी रेघा मारून झाल्या, पण अक्षरांसाठी पांढरा रंग मिळाला नाही. अक्षरे रविवारी लिहायची ठरली होती, पण सकाळची रडारड बघून दोघांना पुढे यायचे धाडस झाले नाही. अमेरिका करारातून गेली, आता पुढचे पाणी इथवर येईल, असा मजकूर होता. त्यांना सरकारचा निषेध करायचा होता, म्हणजे अमेरिकेच्या. तांबडा रंग टीमचे झेंडे रंगवून उरला होता, म्हणून तो वापरला. तांबड्या रेघेला आमच्या बोळात काय म्हणतात, हे एवढ्या शिकलेल्या पोरीच्या ध्यानात आले नाही.

मी जिन्यात प्रीतीच्या थोबाडीत दिली. हे खरे आहे, लिहून घ्यावे. सूरज मध्ये आला नाही. प्रीती रडली नाही. ती म्हणाली, "काकू, कुणाला भीती घालाय मारली न्हाय ती रेघ. मला भीती वाटत हुती, म्हणून मारली. आजीला उचलून न्यायला सांच्यापारी घरात मी एकटीच असती."

मी तिला विचारले की, एवढी उंची तू कुठल्या पुस्तकातून काढलीस. ती म्हणाली, "मोजून न्हाय काढली. सूरजच्या खांद्यावर उभी राहिले आणि जितका हात पुरला तितकी." मला त्या वेळी थोबाडीत देण्याची ताकद राहिली नव्हती. कुणी शिकलेल्या माणसाने मोजून मारलेली असती, तर मला बरे वाटले असते. पाणी तिच्याहून वर येणार नाही, एवढे तरी धरून चालता आले असते. हात अजून लांब असता तर रेघ अजून वर गेली असती.

आज सकाळी लोकांनी आपापल्या भिंतीवरची तांबडी रेघ चुना मारून बुजवली. कृष्णात आमच्याही दारात बादली घेऊन आले. त्यांना मी परत पाठवले. सध्या ती रेघ फक्त आमच्या घरावर आहे. ती ठेवण्यास पतींनी सांगितलेले नाही, मी ठेवली आहे. गवंड्याला बोलावून माळा तिच्या वर घेता येईल का, हे विचारले. तो म्हणाला की रेघेच्या वर लगेच छप्परच आहे.

प्रीती कांबळे व सूरज पाटील यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मग आपली तक्रार कुणाविरुद्ध, असे साहेबांनी विचारले. मी म्हणाले की, ज्याने करार सोडला त्याचा पत्ता तुमच्याकडे आहे का. साहेबांनी ते लिहू नका म्हणून सांगितले. मी लिहायला सांगितले.

हा माझा जबाब मला व शेजारी बसलेले माझे पती जयपाल यांना मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरवला आहे, त्यात जास्तीचे काही नाही. वाचताना पतींनी पत्त्याची ओळ पुन्हा वाचायला लावली व ती अपुरी आहे असे सांगितले. त्यावर विचार करून मी माझ्या मर्जीने पुढील ओळ वाढवत आहे. याकामी मला पुन्हा बोलवायचे झाल्यास, जूनपासून पाऊस संपेपर्यंत निरोप वरील घरी न पाठवता वरची शाळा, दुसरा मजला, सातवीचा वर्ग, खिडकीकडची जागा, येथे पाठवावा.

सही: रत्नाबाई जयपाल मगदूम
समक्ष: जयपाल मगदूम