उरलेले चिमटे

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका, शिक्षण कार्यालयातून वेळ काढून आलेले साहेब, जिच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ती आजची मानाची खुर्ची आणि तिच्यावर अवघडून बसलेल्या आपल्या धाकट्या बाई, सर्व शिक्षक, कार्यालयातली मंडळी, पालक, आणि अगदी पुढे खाली बसलेल्या, आत्तापर्यंत तरी शांत असलेल्या बालवर्गातल्या मंडळींनो,

मला बोलायची सवय नाही. "पाचच मिनिटं, बरं का," असं मुख्याध्यापिकांनी मला दोनदा बजावलं. माझ्याबद्दल त्यांचा फारच चांगला समज झालेला दिसतो. चौतीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढले. जमिनीखालून जाणाऱ्या नळांशी बोलावं लागत नाही.

काही पालक नवे आहेत, म्हणून ओळख सांगतो. बालवर्गाच्या मोठ्या बाई आठ महिन्यांपूर्वी गेल्या. त्यांचा मी नवरा. मोठ्या आणि धाकट्या ही नावं मुलांनी ठेवलेली, तीही उंचीवरून. वयात दोघींचं अंतर चारच महिन्यांचं, पण धाकट्या बाई हिला 'ताई' म्हणायच्या आणि ही त्यांच्यावर ताईगिरी करायची.

बोलायला मी हो म्हणालो त्याला कारण आहे. आज धाकट्या बाई निवृत्त होत आहेत आणि सोमवारी बालवर्गाला नव्या बाई येत आहेत. एकच. मुलं त्रेचाळीस आहेत. ही गेल्यावर दोन्ही तुकड्या तात्पुरत्या एकत्र केल्या होत्या. आता त्या पुन्हा वेगळ्या व्हायच्या की कायमची एकच तुकडी राहायची, हे ठरायचं आहे. ते ज्यांच्या सहीनं ठरणार ते साहेब इथेच बसले आहेत. साहेब, दचकू नका. मी भांडायला आलेलो नाही. मी कधीच भांडलो नाही, आणि घरी माझ्याविरुद्धची मुख्य तक्रार तीच होती.

मी फक्त चिमट्यांची गोष्ट सांगणार आहे. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे.

एकोणीस वर्षांपूर्वी बालवर्गाची एकच तुकडी होती. पाच वर्षांची सेहेचाळीस मुलं आणि माझी पत्नी एकटी. तिनं प्रत्येक मुलाला एक चिमटा दिला. त्यावर मुलानं निवडलेलं चित्र असायचं. कुणाची छत्री, कुणाचा मासा, कुणाची शिडी. ती गळ्यात एक लांब कापडी पट्टा घालायची, दोन्ही टोकं पुढे सोडलेली. सकाळी सगळे चिमटे डाव्या टोकाला लावलेले. दिवसभरात एखाद्या मुलाजवळ बसून त्याचं बोलणं पूर्ण ऐकलं, म्हणजे "नाक पूस" आणि "रांगेत उभा राहा" सोडून काही बोलणं झालं, की त्याचा चिमटा उजव्या टोकाला जायचा. चालताना ती खुळखुळायची. मुलं म्हणायची, बाई वाजतात.

शाळा सुटल्यावर डावीकडे जे चिमटे उरत ते ती घरी आणायची आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीत मांडायची. "आज अकरा," म्हणायची. कधी "आज पंधरा." मी "हं" म्हणायचो. मला वाटायचं, शाळेचं काहीतरी सामान असेल. सतरा वर्षांच्या संसारात नवऱ्यानं एवढंही विचारू नये? नाही विचारलं. खरं तेच सांगतो.

एकदा शनिवारी शाळेत रंगकाम होतं, म्हणून ती सगळेच चिमटे घरी घेऊन आली. रविवारी तिला बरं नव्हतं. कपडे मी धुतले. चिमटे समोर होते, ते मी वापरले. ओल्या चादरींना लावले. चित्रं शाईची होती. संध्याकाळी मी चांगले स्वच्छ, कोरे सेहेचाळीस चिमटे पिशवीत भरून ठेवले आणि आपण काहीतरी मदत केली असं समजून झोपलो.

सोमवारी ती घरी आली ती हसतच. "अहो, आज तुम्ही माझा अख्खा वर्ग धुऊन टाकलात!" एका मुलानं म्हणे सगळे चिमटे उलटेसुलटे करून पाहिले आणि घाबरून विचारलं, "बाई, म्हणजे मी आज आलोच नाही का?" दुसऱ्या एकीनं रडून वर्ग डोक्यावर घेतला. मीही हसलो. मग तिनं पिशवी खाली ठेवली. म्हणाली, "तिघं मात्र काहीच बोलली नाहीत. बघितलं आणि जागेवर जाऊन बसली. त्यांना नवलच वाटलं नाही हो. त्यांचे चिमटे रोज उरतात."

त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारलं, हे चिमटे कसले?

त्यानंतर ती शिक्षण कार्यालयात गेली. तेव्हाचे साहेब सज्जन होते. ते म्हणाले, "बाई, तुमच्या शाळेत एका शिक्षकामागे सरासरी अठ्ठावीस मुलं आहेत. अगदी नियमात." ही म्हणाली, "साहेब, सरासरी माझ्या वर्गात येत नाही. मुलं येतात. तुम्ही एक दिवस या."

ते आले, हे त्यांचं मोठेपण. हिनं पट्टा त्यांच्याच गळ्यात घातला. मधल्या सुट्टीपर्यंत साहेबांनी सात चिमटे हलवले होते. त्यातला एक हिच्या मते खोटा होता, कारण मुलगा मांजरीबद्दल सांगत होता आणि साहेब घड्याळाकडे बघत होते. तिनं तो परत डावीकडे लावला. शाळा सुटली तेव्हा डावीकडे एकोणतीस होते. साहेब गळ्यातला पट्टा काढता काढता म्हणाले, "घामच फुटला हो."

पुढच्या वर्षी दुसरी तुकडी झाली आणि धाकट्या बाई आल्या.

आता त्यांच्याबद्दल. पहिल्याच दिवशी त्यांनी हिला सांगितलं, "ताई, बाकी तुम्ही म्हणाल ते करीन. पण हे गळ्यात घालून मी फिरणार नाही. बैलासारखं वाटतं." ही म्हणाली, "महिनाभर फिरा, मग सांगा." महिन्यानं धाकट्या बाई म्हणाल्या, "ताई, पट्टा थोडा रुंद शिवून मिळेल का? मान दुखते." मुलांच्या गोष्टी पूर्ण ऐकण्यात त्या हिच्याही पुढे गेल्या. हे मी म्हणत नाही, ही म्हणायची. फळा पुसायच्या निमित्तानं बोलणारी, चपलेचा बंद बांधून घेताना बोलणारी, फक्त भिंतीकडे तोंड करून बोलणारी, अशी प्रत्येक मुलाची वाट त्यांना सापडायची. तेवीस मुलांत ती सापडते. सेहेचाळिसांत सापडायला दिवस पुरत नाही. दोघींची हुशारी तीच होती, फक्त मुलं निम्मी झाली होती.

दुसरी तुकडी सुरू झाल्यावर एके दिवशी ही घरी आली आणि खिडकीपाशी नुसतीच उभी राहिली. म्हणाली, "आज एकही नाही." काय करावं हे तिला सुचेना. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "बोला आता. घरातला एक चिमटा अठरा वर्षं उरलाय."

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा नळाबद्दलच. पण ती उठली नाही.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. तिच्या तुकडीचे एकवीस चिमटे घरी होते, कारण शेवटच्या आजारात ती त्यांवरची चित्रं नव्यानं गिरवत होती. आठवड्यानं धाकट्या बाई आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, ताईंची मुलं आता माझ्याकडे आहेत. चिमटे द्याल का?"

मी नाही म्हणालो.

हे इथे सांगायची मला लाज वाटते. पण आज नाही सांगितलं तर त्यांचं मोठेपण कसं कळणार? त्या चित्रांवर हिचा हात फिरला होता. मला ते द्यायचे नव्हते. मी म्हणालो, "बघू नंतर." त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्या पुन्हा आल्या. मला वाटलं, चिमटे मागतील. त्यांनी मागितले नाहीत. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि आठवडाभर कोण कोण उरलं ते सांगितलं. शिडीवाला चार दिवस उरला. माशावाली पाचही दिवस. मग विचारलं, "तुमचा आठवडा कसा गेला, भाऊजी?" मी "ठीक" म्हणालो. त्या उठल्या नाहीत.

अशा त्या दर शुक्रवारी येत राहिल्या. त्रेचाळीस मुलांनंतर घसा बसलेला असायचा, तरी यायच्या. एकदा मी म्हणालो, "बाई, तुम्ही दमता. माझ्यासाठी कशाला येता?" त्या म्हणाल्या, "ताईंच्या तुकडीतलं कुणी डावीकडे ठेवायचं नाही, असं ठरवलंय." सहाव्या शुक्रवारी मी स्वतःच बोलायला लागलो. दिवे लागेपर्यंत बोललो. हिच्याबद्दलच. त्या निघाल्या तेव्हा चिमट्यांची पिशवी मी त्यांच्या हातात दिली. त्यांच्याकडे त्रेचाळीस मुलं होती आणि मी चव्वेचाळिसावा होतो, हे मला नंतर उमगलं.

बाई, मला तुमचे आभार नीट मानता येत नाहीत. कार्यक्रमाची पत्रिका हातात आली तेव्हा मी मनात चार वाक्यं तयार केली होती. ती चारही आता गेली. तुम्ही ऐकून घेतलंत. एवढंच म्हणतो.

परवा त्यांनी सगळे चिमटे माझ्याकडे परत आणून दिले. म्हणाल्या, "नव्या बाईंना तुमच्या हातानं द्या." ते मी आणले आहेत. नव्या बाई तिसऱ्या ओळीत बसल्या आहेत. जरा पुढे येता का? घाबरू नका, पट्टा रुंद आहे. हे घ्या. यात बावीस आहेत. बावीस तुम्हाला जमतील. माझी पत्नी म्हणायची, कुणालाही जमतात.

हो, बाळा, तुझा किल्लीचा चिमटा त्यात आहे. मी स्वतः ठेवली. बस खाली.

उरलेले एकवीस कुणाला द्यायचे ते मला ठाऊक नाही. घरी परत न्यावेत असं वाटत नाही. तेव्हा इथे, साहेबांच्या समोर मेजावर ठेवतो. साहेब, पाण्याचा पेला थोडा बाजूला घेता? शाई आहे, पुसली जाईल. ते एकदा मी केलं आहे.

काय म्हणालास? नाही रे, शिडी त्या बाईंकडे नाही. शिडी इथे मेजावर आहे. ही बघ. कुणाकडे जाणार? ते मला सांगता येत नाही. हो, या साहेबांना माहीत असेल. पण आत्ता नको विचारू. आज धाकट्या बाईंचा दिवस आहे. सोमवारी विचार.

मला बोलायला बोलावलंत आणि मध्ये थांबवलं नाहीत, याबद्दल अध्यक्षांचा आणि आपणा सर्वांचा आभारी आहे. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली असतील. न बोलणाऱ्या माणसाच्या बोलण्यात काही जास्त किंवा कमी झालं असेल, तर सांभाळून घ्या. धाकट्या बाईंना भरपूर आयुष्य आणि भरपूर विश्रांती मिळो. शुक्रवारी मात्र मी वाट बघेन.

नमस्कार.