दोन डब्या, एकच खोकला

सिस्टर : बस. आणि घसा खाकरून दाखवू नकोस, मी काही फसायची नाही.

न्हावी : सकाळपासून छातीत दुखतंय, सिस्टर.

सिस्टर : कुठं, बोट ठेव बघू.

न्हावी : इथं.

सिस्टर : ते पोट आहे, बाबा. तुझा एक्स-रे आलाय. फुप्फुसं एकदम स्वच्छ. ताप नाही, भूक चांगली, वजनही वाढलंय. आणि तुझ्या नावाच्या डबीतला बेडका मात्र क्षयाच्या जंतूंनी भरलेला. तुमच्या अख्ख्या बराकीत असा बेडका दुसऱ्या एकाच कैद्याचा निघालाय. आबांचा.

न्हावी : शेजारी झोपतो आम्ही. लागला असेल मला त्यांचा.

सिस्टर : लागला असता तर मी तुला काही न बोलता औषध सुरू केलं असतं. खरं सांग. डबीत कोण थुंकलं?

न्हावी : मीच.

सिस्टर : या तुरुंगाच्या दवाखान्यात केस पांढरे झालेत माझे. ते काळे करायलासुद्धा तूच येतोस. माझ्याशी खोटं बोलतोस?

न्हावी : आबाच थुंकले. पहाटे दोन्ही डब्या त्यांच्यापुढे धरल्या. म्हटलं, सिस्टरनी दोन मागितल्यात.

सिस्टर : वर माझंच नाव पुढं केलंस! कशासाठी, अंडं नि दूध जास्तीचं मिळतं म्हणून? तसली सोंगं पाहिलीत मी.

न्हावी : अंडं नको, दूध नको. आज आबांना त्या वेगळ्या खोलीत हलवणार ना, तिथं मलाही टाका. एवढंच.

सिस्टर : अरे, लोक त्या खोलीत जायला नको म्हणून खोकला गिळतात.

न्हावी : लोकांचं लोकांपाशी. आबा औषध घेणार नाहीत, सिस्टर. तुमच्यासमोर हो म्हणतील आणि गोळी गादीखाली सारतील. मला म्हणाले, बाहेर माझं कोण बसलंय, कशाला पाय ओढत राहायचं? जेवतसुद्धा नाहीत. मी घास पुढं केला तर खातात.

सिस्टर : हे मला आधी सांगायचं सोडून डब्या भरत बसलास?

न्हावी : सांगितलं असतं तर तुम्ही मला आत पाठवलं असतं?

सिस्टर : नसतं पाठवलं. आताही नाही पाठवणार. तू निरोगी आहेस. त्या बंद खोलीत त्यांच्या शेजारी झोपलास तर उद्या खरंच आजारी पडशील. आणि आजार नसताना ती औषधं घेतलीस तर काविळीनं पिवळा होशील. शिवाय तुझा रिपोर्ट खरा मानून मी काय करत होते माहीत आहे? तू ज्यांच्या ज्यांच्या दाढ्या केल्यास त्या सगळ्यांना तपासायची तयारी. आता साहेब माझी बिनपाण्यानं करतील.

न्हावी : चुकलं माझं. साहेबांना सांगा, मला शिक्षा करू दे. पण माझे वडील गेले तेव्हा मी इथंच होतो, सिस्टर. सगळं उरकल्यावर मला कळवलं. शेवटी दाढी कुणी केली असेल त्यांची, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. त्या रात्री आबा माझ्या पाठीवर हात ठेवून बसून होते. आता ते भिंतीपलीकडं एकटे जाणार, आणि मी इथं लोकांच्या गालाला साबण लावू? नाही जमणार मला.

सिस्टर : डोळे पूस. त्यानं नाही, तो कापूस डेटॉलचा आहे. हा घे.

न्हावी : मग काय करू मी?

सिस्टर : माझं ऐक. त्या खोलीला अंगणात उघडणारी खिडकी आहे. मोकळ्या हवेत, मास्क बांधून, चार हात लांब उभं राहायला माझी हरकत नाही. मी गोळ्या देईन, तू त्यांना बोलतं ठेव. बेडका साफ आला की ते परत तुझ्या शेजारी. साहेबांशी मी बोलते. तुझी डबीची भानगडही सांगणार, लपवणार नाही.

न्हावी : आणि नाहीच म्हणाले साहेब?

सिस्टर : तर त्यांच्या दारात बसेन. मला पण आबा हवेत, बाबा. चल, ऊठ. आणि आज खरी डबी दे, तुझी स्वतःची.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. न्हावी अंगणात, मास्क बांधून. आबा खिडकीच्या गजांमागे. सिस्टर दारापाशी, हातात गोळ्या.)

आबा : मास्क बांधून आलास होय? मला वाटलं, दरोडेखोर.

न्हावी : तुरुंगात दुसरं कोण येणार, आबा.

आबा : सिस्टर सांगत होत्या, आजारी पडायला निघाला होतास म्हणे. अक्कल गहाण ठेवलीस का रे?

न्हावी : गोळ्या घ्या आधी. मग शिव्या द्या.

आबा : ठेवा तिथं, सिस्टर. घेतो मागाहून.

सिस्टर : मागाहून नाही. माझ्या डोळ्यांदेखत.

आबा : कशाला त्रास घेता, बाई? म्हाताऱ्या बैलाला नवी झूल. कुणाचं काय अडलंय माझ्यावाचून?

न्हावी : माझं अडलंय.

आबा : लेका, तुझं वय काय, माझं काय. तू सुटशील, दुकान टाकशील, विसरशील मला.

न्हावी : नाही विसरणार. एका बापाच्या वेळी पोचलो नाही, आबा. तुम्ही पण असेच निघून गेलात तर मी काय करायचं ते सांगा, आणि मग खुशाल टाका त्या गोळ्या.

सिस्टर : आबा, पाणी.

आबा : केवढाल्या आहेत या. घोड्याला देतात तसल्या.

सिस्टर : एकेक घ्या. घाई नाही.

न्हावी : मी आहे इथं. घ्या सावकाश.

सिस्टर : झालं? आ करा. जीभ वर. शाबास.

न्हावी : आता जेवा. मी इथनं बघतो.

आबा : जेवतो रे. इतका गजाला चिकटू नकोस, मागं हो. आणि तोंड तिकडं फिरव जरा, मला खोकला येतोय.