जीपभर माणसं घेऊन व्हिसाला

न्हाय म्हणजे न्हाय, दीपक. ते कागद आधी पिशवीत घाल. पुन्हा अर्ज करू म्हणं! पुढच्या साली बी मॅची असत्यात— असू देत, मला काय त्यांचं लोणचं घालायचंय? बस, बस, उठू नगंस. बारामतीस्नं पणदऱ्यापतुर आलाईस तर चहा घेऊन जा, तुज्या काकीनं आत आधण ठिवलंय. पर व्हिसाचं नाव काढू नगंस. शिसारी बसलीया मला त्याची. आन् त्या क्रिकेटची बी, आन् राग येऊ दे न्हायतर न येऊ दे, तुज्या त्या टूरच्या दुकानाची बी.

तूच म्हणला हुतास न्हवं? एस्टी स्टँडामागं, तुज्याच दुकानात, तुज्याच खुर्चीत बसवून— आबा, तुमच्या पोराचं, शंभूराजचं बोलावण्याचं पत्र येत न्हाय ना, मग त्याचं नावच घेऊ नका. वर्ल्ड कप हाय विलायतेत, मॅच बघायला जातो म्हणून अर्ज टाकू, चार दिवसाचा व्हिसा, चार माणसांत मिळून जातो, आन् एकदा तितं उतरला की गाठा पोराचं घर. मला पटलं. का न पटावं? पोराला दोनदा फोनवर म्हणलं, बोलावण्याचं पत्र धाड बाबा, नातू अजून नुसता फोटोतच बघितलाय, समर्थ त्याचं नाव— एकदा म्हणला घर बारकं हाय, एकदा म्हणला सुट्टी न्हाय. म्हणलं, अडचण आसंल. पोरं लांब असली की अडचणी असत्यात. मग काय, लागलो पाठ करायला! आरं, आमी तालमीतली माणसं, बॅट कदी हातात धरली न्हाय, आन् ह्या वयात उसाला पाणी देता देता घोकतोय— कप्तान कोण, षटकं किती, पायचीत म्हंजी काय. बायका बांधावरनं हसत्यात. हसा म्हणलं.

आता तू म्हणतोस, एकट्यानं जायला पायजे हुतं. का? सोयरीक बघायला एकटा जातो व्हय कुणी? विजेची डीपी जळाली, पाटाचं पाणी आडलं, तर एकटा माणूस सायबाम्होरं ऱ्हायला उभा— सायेब मान तरी वर करतो का? जीपभर माणसं न्ह्यायाची, एक बोलणारा, बाकीची मान डोलवायला, तवा कुठं काम हुतं. ही काय म्यां काढलेली रीत न्हाय. म्हणून तर तालमीतलं म्हयपती, दत्तोबा आन् आणिक दोघं— सगळ्यांनी पासपोर्ट काढलं, सगळ्यांचं अर्ज. तूच भरलंस की! गिऱ्हाईक वाढलं म्हणून दात काढत हुतास, तवा न्हाय सुचलं तुला एकट्याचं. म्हयपती तर म्हणला, गेणबा, तू फकस्त कागुद दे, बोलायचं माज्याकडं लागलं. बोलला की मग. चांगला बोलला.

व्हिसाच्या हापिसात खिडकीला काच. काचंमागं गोरा सायेब, आन् त्याच्या शेजारी आपली मराठी बाई, हिकडचं तिकडं करून सांगायला. आमची एकच टूर, म्हणून पाची जण एकाच खिडकीला. बाईनं इचारलं, मॅच कुणाकुणाची? सांगितली. कोणत्या गावात? सांगितलं. सायेब मान हलवत हुता, बरं चाल्लं हुतं रं! मग बाईनं इचारलं, आजोबा, तिकडं तुमचं कुणी नातेवाईक? तू शिकवलं हुतंस ना— कुणी न्हाय म्हणायचं, न्हायतर त्याचं पत्र मागत्यात. म्हणलो. कुणी न्हाय म्हणलो. दीपक, पोटचा पोरगा हाय रं तो. त्याच्यासाठी खंडोबाला नवस केलं म्यां आन् तुज्या काकीनं, आन् त्या काचंम्होरं, धुतलेली टोपी घालून, म्यां म्हणतोय मला कुणी न्हाय. थू. त्या दिसापासनं जेवणाला चव न्हाय.

आन् तेवढ्यात म्हयपती सरकला म्होरं! त्याला वाटलं, गेणबाचं वजन कमी पडाय लागलंय. म्हणतोय, बाईसायेब, कुणी न्हाय कसं? ह्यांचा मुलगा तितं मोटा इंजिनेर हाय, सवताचं घर हाय, मॅची संपल्या तरी वरीसभर ऱ्हायले तरी खायाप्यायाची ददात न्हाय— आमी चौघं जामीन हाय त्याला! आन् मागनं तिघं बी माना डोलवत्यात, व्हय व्हय, जामीन हाय, जामीन हाय. बाईनं सगळं सायबाला सांगितलं. ती तरी काय करंल, तिचं कामच ते. सायबानं माज्याकडं बघितलं, आन् बाई म्हणली, मग आजोबा, तुमी कुणी न्हाय का म्हणालात?

सांग, काय सांगू त्येला? तूच सांग, तुला लय कळतंय तर.

पाचांचं बी नाकारलं. आन् येताना म्हयपती घाटात जीप थांबवून वडापाव खात म्हणतोय, त्या सायबाला माणसं वळखायची अक्कल न्हाय. किळस आली मला. त्याच्या खाण्याची, त्याच्या बोलण्याची, माज्या त्या पाठ केलेल्या षटकांची.

काय म्हणतोस— ह्या वक्ताला शंभूराजकडनंच पत्र मागवू? हसू नगंस, म्यां बी तेच म्हणलं हुतं. म्हणलं, आता लपवायचं काय ऱ्हायलं? रातच्याला बूथवर गेलो, ही बाहीर फाटकापाशी उभी, आन् फोन लावला. सांगितलं सगळं, मॅचचं, खिडकीचं, म्हयपतीचं. म्हणलं हसंल पोरगं. तर म्हणला, बरं झालं आबा. न्हाय आलात ते बरं झालं. हितं थंडी लय हाय, तुमाला सोसायची न्हाय.

मे म्हैना हुता, दीपक.

टीव्हीवर लावली हुती की शेजारी मॅच. मॅच कोण बघतंय, म्यां तितं विलायतेत बसलेल्या लोकांकडं बघत हुतो. उघडी बसल्याती सगळी उन्हात, डोक्यावर टोप्या, बर्फाच्या कांड्या चोखत्याती. बघितलं आन् उठून आलो. तर असं हाय ते, तुजा सायेब बिचारा कशाला वाईट. सायबानं तरी कारण इचारलं—

गप. काकी आली चहा घेऊन. तिला म्यां सांगितलंय, शंभू फोनवर लय रडला, आबा कदी येताय म्हणून घोकत हुता. तू मधी तोंड घालू नगंस.

आण गं, आण. ठेव हितं. कशाला आलाय इचारतीस? त्येच सांगाय आलाय की बिचारा, मुद्दाम गाडी काढून. त्या सायबानं आपल्याला कायमची बंदी घातलीया म्हणं. आता किती बी वेळा अर्ज करा, पोरानं कितीबी पत्रं धाडली तरी सोडायचा न्हाय. पोरगं बोलावतंय गं, पर त्यो सायेबच मुर्दाड. व्हय ना रं दीपक?

सांग की तिला.

व्हय म्हण. आन् चहा पी आन् नीघ.