सोयरिकीचा घास

कझाकस्तानातल्या चिमकेंत शहरात, औषधांच्या दुकानात, रांगेत पुढेच होणारी विहीण शोल्पान दिसली, तशी काम्शातने शाल कपाळावर ओढली. शोल्पान धाकट्या बहिणीशी तावातावाने बोलत होती.

“अगं, मेंढ्याच्या शेपटीची चरबी! वजनाचं इंजेक्शन सुरू केल्यापासून नुसत्या वासाने पोटात ढवळतं. उद्या विहिणीने भरवली आणि मला उमासा आला तर?”

“तर सोयरीक मोडली म्हणून समज! घास एकमेकींना भरवल्याशिवाय पक्की कुठे होते? तरी सांगत होते ताई, माझ्यासारखी टेकडी चढ, साखर सोड.”

“आणि टेकडी उतरून तुझ्यासारखी परातभर भात हाणू?”

“निदान भूक माझी स्वतःची आहे! तुझी त्या सुईने पळवली.”

“पळवली तर पळवली! जन्मभर हात धुऊन मागे लागली होती मेली. आता जिना पळत चढते मी, पळत!”

“मग सांगून टाक ना विहिणीला.”

“वेडी आहेस? ती बाई केवढी शिडशिडीत! मळ्यात राबून तशी झालीय. इंजेक्शनचं ऐकलं तर हसेल मला.”

“मग लग्नापर्यंत बंद ठेव.”

“मुळीच नाही!”

तेवढ्यात काउंटरवरून हाक आली, “काम्शात आपा, तुमचं नेहमीचं वजनाचं इंजेक्शन आलंय! या पुढे!”

शोल्पान गर्रकन वळली.

काम्शातने शाल मागे सारली.

“विहीणबाई, उद्या तुमच्या घरी चरबी कापायची सुरी तुमच्याच हातात ना? मग दोघींचे तुकडे नखाएवढेच कापा!”