सातवी सूचना

— न्हाई न्हाई सर, बसा की, चाळीस प्रती काढायच्यात, झेरॉक्सचं मशीन गरम व्हायला दोन मिंटं लागत्यात, तवर मी टाइप केलेलं एकदा वाचून दावतो. 'कथा कशी लिहावी — सात सूचना. मार्गदर्शक : कथाकार शरच्चंद्र.' वर तुमचा फोटो, हनुवटीखाली हात. झ्याक आलाय. उद्या वाईच्या वाचनालयात पोरंपोरी, मास्तरणी समद्या ह्यो कागद हातात धरून कथा लिवायला शिकणार. मला अकरा वर्षं झाली तुमच्या कथा टाइप करतोय, मला कुणी कागद दिला न्हाई, तरी थोडं शिकलोच की. हसताय? हसा.

सूचना एक — 'लेखकाने सूक्ष्म निरीक्षण करावे.' लय भारी. मग सांगा बघू, माझं नाव काय? — बघा! अकरा वर्षं नुसतं 'अहो कॉम्प्युटरवाले'. आकाराम. बाहेर पाटीवर हातभर अक्षरात लिवलंय, आकाराम टायपिंग आणि झेरॉक्स, तुमी त्या पाटीखालनंच आत येताय. सूचना दोन — 'विशेषणांचा मोह टाळावा', आन् लगेच खाली — 'भडक, बोजड, निरर्थक आणि अनावश्यक विशेषणे' — मोजा, चार झाली. तीन — 'पात्रांनी स्वतःच्या भाषेत बोलावे.' आता ह्याला आपली ना न्हाई, पण तुमची ती ऊसतोडीची बाई, कोयता हातात धरून म्हणती, 'ही व्यवस्थाच आमच्या विरोधात उभी आहे!' असं कोण बोलतं सर? ती म्हणंल, 'मुकादम, आधी प्यायला पाणी दे, मग वरड.' संपलं. त्यात समदं आलं. लिवून घ्या, उद्या तुमचं म्हणून सांगा, सवय हाय तुमाला. चार आन् पाच मी वाचतच न्हाई, त्या मोबाइलवरनं उचलल्यात — व्हय का न्हाई? — खाली 'फॉरवर्डेड' तेवढं टाकायचं ऱ्हायलंय.

राग नका मानू. च्या सांगू? नको तर नको.

सहा — 'शेवट अबोल ठेवावा. सांगलीच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या माझ्या कथेच्या शेवटाचे परीक्षकांनी याचसाठी कौतुक केले.' अबोल? आवं, तुमचा शेवट कवा अबोल होता? दारात बहीण आलीय, भाऊ आत उभा, मग भाऊ दार उघडतो, ती गळ्यात पडती, ढग गडगडत्यात, देवळात घंटा वाजती, आन् वरनं तुमचं 'वर्षानुवर्षांचा दुरावा अश्रूंत विरघळला' — आता कुठं गेलं ते समदं? छापलेलं वाचलं न्हाई तुमी? वाचलं. वाचलं आन् गप बसला, कारण तवर हार गळ्यात पडला होता. नववं पान, सर. आठव्यावरच संपवली मी. तुमी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. हे बघा, ह्या ड्रॉवरमधीच हाय, तुमच्या हिरव्या शाईतलं. फॅननं उडालं-बिडालं न्हाई, मीच काढून ठेवलं. टाइप करायला बसलो आन् हातच चालंना.

का म्हंजे? खोटं होतं म्हणून! दार असं कोण उघडतं?

आता तुमची सातवी. 'तपशील अनुभवातून यावा. उदाहरणार्थ, माझे हे वाक्य — त्यानं कडी आतून दोन्ही हातांनी धरून ठेवली, निसटू नये म्हणून.' सर, तुमच्या कागदात हे वाक्य होतं का? आठवा. तुमी लिवलं होतं, 'तो दारामागे दगडासारखा उभा होता.' दगडासारखा! मग हे कुणाच्या अनुभवातनं आलं? तुमाला बहीण तरी हाय का?

आमच्या गावच्या घराची कडी ढिली, सर. रानात जाताना पुढचं दार आतनं लावायचं आन् मागच्या दारानं भाईर पडायचं, ही आमची रीत. नंतर कोण घरचं आलं तर पुढचं दार दोनदा ढकलायचं, कडी आपसूक निसटती — ते फक्त घरच्यांनाच ठावं. माझ्या बहिणीनं, बनूनं, लगीन आपल्या मनानं केलं, आन् सा महिन्यांनी आली, भर दुपारी. मी एकटाच घरात. दोनदा ढकललं तिनं. मग तिसऱ्यांदा. मी आतनं — ते वाक्यात हायच. तिला वाटलं कडी दुरुस्त केली असंल. शेजारच्या सुलाबाईकडं पाणी प्याली आन् सांगून गेली, 'दादाला म्हणावं मी येऊन गेले, घरी कुणी न्हवतं. आता तू ये.' सोळा वर्षं झाली. मी काय गेलो न्हाई. कुठल्या तोंडानं जाऊ? ती म्हणणार, त्या दिवशी कुठं गेला होतास रं दादा?

म्हणून म्हणतो, ते उदाहरण काढू द्या. उद्या वाचनालयात टेबलावर पुस्तकं देणारी बाई असंल, जाड चष्म्याची — ती बनू. ह्यो कागद तिच्या हातात पडला तर तिला दुसरं काय सांगायला लागणार न्हाई. कडी तिच्या ओळखीची हाय. तुमचं काय जातंय, दुसरं वाक्य टाका, तो दगडासारखा उभा होता, टाका की तेच. व्हय ना? काढतो. हे बघा, काढलं.

…

न्हाई. थांबा. परत घातलं. ऱ्हाऊ दे.

चाळीस न्हाई, एकेचाळीस काढतो. जादाचा कागद त्या टेबलावरच्या बाईला द्या. तुमी काय समजावून सांगू नका तिला, नुसता द्या. आन् तिनं इचारलं, हे वाक्य कुणाचं, तर — जाताना पाटीवरचं नाव एकदा वाचून जावा सर. तेवढं निरीक्षण करा. धरा, गरम हायत कागद. न्हाई, आज पैशे ऱ्हाऊ द्यात. जावा आता, तुमची साताऱ्याची यष्टी लागली.