तांबडा उकार

मी, वय एकोणपन्नास, धंदा रोलिंग शटर बसवणे व दुरुस्त करणे, राहणार बाजारामागील गल्ली, पिठाच्या गिरणीवरची खोली, बाजारात शटरकाका म्हणून ओळखला जाणारा, ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

गेल्या सोमवारी सकाळी आठच्या सुमारास मी बाजारातील मोबाइलच्या दुकानाचे अडकलेले शटर सोडवायला गेलो होतो. दुकानाच्या मालकांनीच माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. त्यांना बाजारात सगळे शेठ म्हणतात, म्हणून मीही पुढे शेठच म्हणतो. शटर अर्ध्यावर अडकले होते. वरच्या पेटीतील स्प्रिंग तुटली असावी असे वाटले. पेटीपर्यंत हात पोचण्यासाठी दुकानावरचा फ्लेक्सचा बोर्ड उतरवावा लागतो. तो उतरवा, असे शेठनी मला फोनवर सांगितले होते. ते नव्या वस्तीत राहतात. त्यांच्या आई मात्र दुकानाच्या वरच्या खोलीत राहतात. त्यांना बाजारात रेडिओआजी म्हणतात.

मी देवाचे नाव घेऊन शिडीवर चढलो आणि बोर्ड उतरवला. मागे गिलाव्यावर जुन्या दुकानाची, रंगाने लिहिलेली पाटी निघाली. मी ती खरवडली नाही. अंगावरच्या फडक्याने फक्त धूळ पुसली.

या धंद्यात मला अशा पाट्या नेहमी दिसतात. प्रत्येक बोर्डामागे एक जुने दुकान असते. औषधाच्या दुकानामागे टोप्यांचे दुकान आहे, त्याच्या टोप्या अडकवायच्या खुंट्या अजून भिंतीत आहेत. पैसे काढायचे यंत्र जिथे आहे तिथे पूर्वी चपला मिळत. उंबऱ्यात पायाचे माप घ्यायची पितळी पट्टी तशीच आहे आणि आत जाणारा प्रत्येक जण तिच्यावर पाय देऊन जातो. एका बेकरीच्या बाजूच्या भिंतीवर नुसते 'खात्रीशीर' एवढेच उरले आहे, कसली खात्री ते गेले. मला हे बघायला आवडते. मी खेड्यातल्या शाळेत शिकलो. वाचायला पुस्तके थोडी होती, म्हणून दिसेल ते वाचायची सवय लागली. मात्र शटर दुरुस्त झाले की आजवर उघडलेल्या प्रत्येक पाटीवर मीच परत बोर्ड ठोकला आहे. ते माझे कामच आहे. एखादी तरी उघडी राहावी असे मनात अनेकदा येऊन गेले.

शेठच्या दुकानावरची जुनी पाटी वरच्या बाजूने थोडी दिसत असे. तिच्यावरचे आडनाव उन्हाने गेले आहे. पुढचे 'आणि सन' एवढेच फ्लेक्सच्या वर डोकावत असे. त्यामुळे बाजारातले सगळे समजत की दुकान वडील आणि मुलगा यांचे होते. शेठही तसेच सांगत. गिऱ्हाईक बसले की ते वर बोट करून म्हणत, "तो सन म्हणजे मी." रेडिओआजी मात्र म्हणत की पाटीवर त्या स्वतः आहेत. मी त्यांच्या खोलीच्या जाळीचा दरवाजा दुरुस्त करायला जात असे तेव्हा मलाही त्यांनी सांगितले होते. घरचे त्यावर हसत. आईंचे वय झाले, असे म्हणत.

बोर्ड उतरवल्यावर मला दिसले ते असे. फ्लेक्सच्या लोखंडी चौकटीची वरची पट्टी नेमकी 'स' या अक्षराच्या पायाशी येत होती. तिच्यामागे दीर्घ उकार होता. पाटीवर 'आणि सून' असे लिहिलेले होते. अक्षरे निळी होती आणि उकार तेवढा तांबडा होता. खाली 'रेडिओ व ग्रामोफोन दुरुस्त करून मिळतील' अशी ओळ होती.

(येथे जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारसाहेबांनी सवयीने 'आणि सन' असे लिहिले होते. माझ्या विनंतीवरून उकार देण्यात आला आहे.)

मी आधी स्प्रिंग बदलली. शटर वर-खाली करून पाहिले. ते नीट चालू लागले. शटर मुद्दाम बंद ठेवले असे तक्रारीत म्हटले आहे ते बरोबर नाही. तेवढ्यात शेठ आले. ते म्हणाले, "झालं ना काका? मग लावा बोर्ड. गिऱ्हाईक काय भिंत वाचायला येतं?"

मी म्हणालो, "शेठ, जरा वर बघा."

"बघितलं की. आणि सन. लहानपणापासून बघतोय."

"सच्या खाली बघा. उकार आहे."

त्यांनी पाहिले. मग म्हणाले, "अक्षरं निळी आणि उकार तांबडा? कुणातरी वात्रट पोराने नंतर काढलाय तो."

समोरच्या दुकानातले शिंपीदादा हे ऐकून हातातली कात्री घेऊनच बाहेर आले. ते म्हणाले, "त्या उंचीवर चढून शुद्धलेखन सुधारणारं पोरगं मला दाखवा शेठ. मी त्याला सूट फुकट शिवून देतो."

त्यावर आसपासचे लोक हसले आणि थांबले. गर्दी मी जमवली नाही. शिंपीदादांचा आवाज मोठा आहे.

मी वर गेलो आणि म्हणालो, "आजी, पाटी उघडी झालीय."

त्या म्हणाल्या, "कुणाची?"

मी म्हणालो, "तुमची."

त्यांचे गुडघे गेले आहेत. त्या खाली उतरत नाहीत. त्यांनी आधी केस विंचरले. मी दाराबाहेर थांबलो. मग त्या चष्मा लावून खुर्चीत बसल्या आणि मी व शिंपीदादा खुर्ची उचलून जिना उतरलो. आईला बळजबरीने खाली आणले असे तक्रारीत आहे. जिन्यात त्या मला म्हणाल्या, "नीट धर रे शटरवाल्या. मी काही शटर नाही. आदळले तर परत वर जायची नाही." बळजबरी झालेले माणूस असे बोलत नाही असे माझे मत आहे.

खुर्ची रस्त्यावर ठेवली. आजींनी मान वर केली आणि पाटी मोठ्याने वाचली. पहिली ओळ त्यांनी दोनदा वाचली.

शेठ म्हणाले, "आई, तो उकार नंतरचा आहे गं."

आजी म्हणाल्या, "नंतरचाच. अर्ध्या तासाने नंतरचा." पुढे त्यांनी जे सांगितले ते मला आठवते तसे सांगतो. त्यांचे यजमान जहाजावर नोकरीला होते. दुकान सासऱ्यांचे. त्यांचे हात थरथरू लागले. रेडिओतली तार डाग देऊन जोडायला हात स्थिर लागतो. "मी चहा घेऊन आले होते. म्हणाले, कप ठेव आणि बस. बसले ती दुकान बंद होईपर्यंत उठले नाही." पुढे पाटी लिहायची ठरली. रंगारी सगळ्या दुकानांवर लिहायचा तसे त्याने सवयीने 'आणि सन' लिहिले आणि तो खाली उतरून ब्रश धुवायला बसला. "सासरे बाहेर आले. म्हणाले, हा सन कोण? मुलगा जहाजावर, नातू अजून चड्डीत आहे. काम सून करते. चढ वर, उकार दे. रंगारी म्हणाला, निळा संपला. सासरे म्हणाले, कुठल्या का रंगाचा दे, पण दीर्घ दे."

शिंपीदादा म्हणाले, "वहिनी, माझ्या वडिलांचा रेडिओ तुम्हीच केला होता ना?"

त्या म्हणाल्या, "तीनदा. तुझे वडील त्याला थोबाडीत मारायचे."

शेठ म्हणाले, "मग आई, मी कोण?" हे ते चिडून म्हणाले नाहीत, हे लिहून घ्यावे.

आजी म्हणाल्या, "तू ग्रामोफोनच्या खोक्यात झोपायचास. झोपलेल्याला पाटीवर कसं लिहिणार?"

सगळे हसले. शेठ हसले नाहीत. मला त्यांचे वाईट वाटले. इतकी वर्षे ते त्या पाटीकडे बोट करत आले होते. पण खुर्चीत ताठ बसलेल्या आजींकडे पाहून मला अभिमान वाटला. नाते काही नाही, तरी वाटला.

त्यानंतर शेठ म्हणाले, "झाला तमाशा? लावा आता बोर्ड." जुना फ्लेक्स नको, आत ठेवलेला दिव्यांचा नवा बोर्ड भिंतीत बोल्ट मारून लावा, असे त्यांनी सांगितले आणि खडूने चार खुणा करून दिल्या. एक खूण 'सू' वर येत होती. मी म्हणालो, "इथे मी ड्रिल लावणार नाही."

"मग दुसरा लावेल. आणि बाजारातलं एक शटर परत तुमच्या हाताला लागणार नाही. व्यापारी मंडळ कुणाचं आहे, ठाऊक आहे ना?"

मी म्हणालो, "ठाऊक आहे." मी शिवी दिली नाही आणि आवाज चढवला नाही. फ्लेक्स दुकानात भिंतीला टेकवून ठेवला. तो फाडलेला नाही.

आजी मला म्हणाल्या, "राहू दे रे. मी बघितलं, यानेही बघितलं. आता झाकलं तरी चालेल. त्याचं पोट आहे बोर्डावर." आम्ही त्यांना वर पोचवले. शेठनी बोलावलेला दुसरा कारागीर उद्या येतो म्हणाला आणि आला नाही. आम्हा कारागिरांचे असेच असते. दरम्यान शेठनी येथे तक्रार दिली.

आजी राहू दे म्हणाल्या, पण माझ्याने राहवेना. त्यांनी पाहिले, ते खरे. पण आजी किती दिवसांच्या, आणि पुढे कोणी विचारले तर पुन्हा सगळे सन म्हणूनच सांगणार. दुसरीकडे शेठचे म्हणणेही खोटे नव्हते. बोर्ड नसेल तर दुकान दिसत नाही. मी रोज संध्याकाळी थोडा वेळ देवापुढे बसतो. काही मागत नाही. त्या दिवसांत मात्र विचारले की आजवर इतके झाकले, हेही झाकू का. उत्तर मिळाले असे म्हणणार नाही. बिजागरी आठवली.

काल मी शेठना फोन करून म्हणालो की तुमचा नवा बोर्ड भिंतीला एकही भोक न पाडता लावून देतो. ते म्हणाले, "लावा एकदाचा." बिजागऱ्यांचे मी बोललो नाही. जागा आजींच्या नावावर आहे, म्हणून त्यांना मात्र सगळे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "कुरकुरणार नाही ना?" मी म्हणालो, तेल घालतो.

आज सकाळी बाजार उघडण्याआधी मी काम केले. शटरच्या लोखंडी पेटीला दोन्ही बाजूंनी अँगल उभे केले. डावीकडे तीन बिजागऱ्या, उजवीकडे कडी. दिव्यांची वायर बोर्डाबरोबर फिरावी म्हणून सैल सोडली. शटर ओढायच्या लांब आकड्याने कडी निघते आणि बोर्ड कपाटाच्या दारासारखा बाजूला होतो. आजी वरच्या खिडकीत होत्या. शेठ आले तेव्हा मी तो आकडा त्यांच्या हातात दिला आणि कसा वापरायचा ते सांगितले. त्यांनी वर पाहिले. मला येथे हजर राहायचे होते म्हणून मी शिडी खांद्यावर घेऊन निघालो. त्यांनी आकडा लावला की नाही ते मी पाहिलेले नाही.

बोर्ड काढून ठेवला व परत लावला नाही, अशी मूळ तक्रार आहे. तिच्यापुरते सांगतो की बोर्ड आज जागेवर आहे आणि त्याचे दिवे लागतात. फक्त तो आता उघडतो.

वरील सर्व मजकूर मला सावकाश व मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मी बोललो तेच त्यात आहे. कोणाच्या सांगण्यावरून काही वाढवलेले नाही, भीतीने काही गाळलेले नाही. ते खरे आहे म्हणून खाली सही करतो.