राणीचा चातुर्मास

(निजामी अंमलातलं जालना. दसऱ्याची सकाळ. काकासाहेबांच्या बागेत राणी या बिबट्याच्या मादीचा पिंजरा. समोर काकासाहेब, त्यांच्या पत्नी दुर्गाबाई आणि जनावरांचे सरकारी डॉक्टर दीनानाथ.)

काकासाहेब : सुई टोचा, डॉक्टर, अन् उभी करा राणीला. दुपारी तालुकदारसाहेब येऊन राह्यलेत तिला पाहायला.

दीनानाथ : आधी नाकावरचा रुमाल काढा. या घाणीत ती दिवसरात्र बसते.

काकासाहेब : जनावर हाय. वास तं यायचाच.

दीनानाथ : मुताच्या चिखलात पंजे सडलेत तिचे. शेपूट तिनं स्वतःच चावून काढलंय. खायला काय घालता?

दुर्गाबाई : दूध-भाकर. गाईचं दूध, बरं का.

दीनानाथ : बिबट्याला?

काकासाहेब : चातुर्मास हाय न! आमचं घर माळकरी. आषाढी एकादशीपासून बागेत मांस बिलकुल बंद. तिच्या नावानं संकल्प सोडलाय म्या. मागल्या जन्माचं पाप फिटंल बिचारीचं.

दीनानाथ : मग ही पिसं कशाची?

काकासाहेब : भाकरीवर कावळे येतात. धरती एखादा. तेवढा उपास मोडती ती.

दीनानाथ : शी! किळस येते मला तुमची, काकासाहेब. उपास तिला आणि पुण्य तुम्हाला!

काकासाहेब : जबान सांभाळा. मस्तगडातली माणसं लेकरं घेऊन तिच्या पाया पडायला येतात.

दीनानाथ : आणि काठ्या टोचतात. बरगड्यांवर वळ दिसतायत.

दुर्गाबाई : डॉक्टर, वाचंल का ती?

दीनानाथ : आज मांस मिळालं, आणि या खोक्यातून सुटली, तर. तुमची पागा आहे ना उंच भिंतींची? वरून जाळी टाका. आत एखादं झाडाचं खोड, पाण्याचा हौद. सावलीत हिंडू द्या तिला.

काकासाहेब : पागेत आमची मोटार ऱ्हाती.

दीनानाथ : म्हणजे मोटारीला सावली, हिला ऊन!

काकासाहेब : कार्तिकीनंतर पाहू. मांसाचंबी तवाच.

दीनानाथ : कार्तिकीला नुसतं कातडं उरेल. थांबा... भिंतीपलीकडून हा मसाल्याचा वास कसला?

दुर्गाबाई : बकरं कापलंय.

काकासाहेब : साहेबांसाठी. आचारी बाहेरचा, चूलबी बाहेरची. आमच्या व्रताला बाध न्हाई.

दीनानाथ : वा! तालुकदाराला चातुर्मास नाही, बिबट्याला आहे!

काकासाहेब : पाहुणा हाय तो! त्याला काय दूध-भाकर वाढू?

दुर्गाबाई : रामकिसन! एक तंगडी कच्चीच आण इकडं. जल्दी.

काकासाहेब : अगं, डोकं फिरलं का तुझं?

दुर्गाबाई : रोज म्याच वाढली ती भाकर. ती नुसती हुंगायची अन् माझ्याकडं पाहायची. मला वाटायचं, उपास पाळून राह्यली.

दीनानाथ : दे रे, रामकिसन. मी ठेवतो आत.

काकासाहेब : बामन असून मांसाला हात लावता?

दीनानाथ : हात धुता येतात, काकासाहेब.

दुर्गाबाई : सरकली! पाहा, पुढं सरकली.

दीनानाथ : हळू बोला. खाऊ द्या तिला.

काकासाहेब : मंग दुपारपर्यंत उभी ऱ्हाईल न? साहेबांपुढं एक डरकाळी फोडली तरी बास.

दुर्गाबाई : हाडासकट खाऊन राह्यली हो... रामकिसन, डायवरला सांग, मोटार काढ म्हणावं पागेतून.